लग्न झालं, गुपित फुटलं, तरी मालिका चालूच

पडद्यामागचं विचारा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चांगली चाललेली कौटुंबिक मालिका पुढे पुढे का बिघडते, या एकाच तक्रारीची बरीच पत्रं साठली होती. त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

‘आई कुठे काय करते’ पहिली दीड-दोन वर्षं आमच्या घरी जेवणं थांबवून बघितली जायची. नंतर नंतर सासूबाईसुद्धा मोबाइल हातात घेऊन बसायला लागल्या. कलाकार तेच, घर तेच. मग बिघडलं कुठे? — वाचक, सांगली

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे : घर तेच.

प्रत्येक कौटुंबिक मालिका एका प्रश्नावर उभी असते. या मालिकेचा प्रश्न तर नावातच होता. घरासाठी राबणाऱ्या अरुंधतीला नवरा अनिरुद्ध गृहीत धरतो, दुसरीकडे गुंततो. हे कळल्यावर ती काय करणार? ती सावरली, घटस्फोट झाला, गाणं हाती आलं, स्वतःचं नाव झालं. प्रश्नाचं उत्तर मिळालं. गोष्ट म्हणून मालिका तिथे संपायला हरकत नव्हती. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’ २०१९ च्या मध्यावर सुरू होऊन २०२१ च्या डिसेंबरात संपली. मराठी मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरअखेर संपली. एकाच बीजातून आलेली ही दोन झाडं, पण मराठीचं वय जवळजवळ दुप्पट.

आता घराचं बघा. मालिकेचा मोठा खर्च सुरुवातीलाच सेटवर होतो. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना, दोन-तीन बेडरूम, अंगण हे सगळं एकदा उभं करायचं आणि मग शेकडो भागांवर तो खर्च पसरवायचा. ‘समृद्धी’ बंगला असा उभा होता, आणि सासू-सासरे, तीन मुलं, सुना अशी बहुतेक पात्रं त्याच बंगल्यात राहत होती. घटस्फोटानंतर नायिकेने त्या घराबाहेर पडणं ही गोष्टीची गरज. पण कॅमेरा, प्रकाशयोजना आणि तीन चतुर्थांश कलाकार मात्र त्या घरात! मग तिला रोज काही ना काही कारणाने तिथे आणावं लागतं. आज मुलाच्या, अभिषेकच्या संसारात अडचण, उद्या मुलीचं, ईशाचं काहीतरी, परवा सासऱ्यांची तब्येत. एकेक कारण पटण्यासारखं असतं. पण दोनशे भागांनंतर प्रेक्षकाला दिसतं ते एवढंच, की घर सोडलेली बाई रोज त्याच उंबऱ्यावर उभी आहे. मालिकेने आधी जे सिद्ध केलं, ते सेटच्या सोयीने पुसलं जातं. २०२३ मध्ये अरुंधतीचं आशुतोषशी लग्न झालं, तेव्हा नवं घर आणि नवा प्रश्न मिळण्याची संधी होती. पुढच्या वर्षी आशुतोषचं पात्रच मारलं गेलं आणि गाडी पुन्हा जुन्या रुळावर आली.

हे फक्त याच मालिकेत झालं असं नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये राधिकाने मसाल्यांचा धंदा सुरू केला, तिथवर ती शेजारची बाई वाटत होती. पुढे तो धंदा ३०० कोटींचा झाला आणि त्या आकड्यावर महाराष्ट्रभर विनोद झाले. यालाही कारण आहे. मूळ प्रश्न सुटला की ताण टिकवायला लेखकाला पणाला लावलेली रक्कम वाढवावी लागते. आधी स्वाभिमान पणाला लागलेला असतो, मग नोकरी, मग कंपनी, मग अपहरण, मग जीव. स्वाभिमानाचा प्रसंग स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी घडतो आणि तो प्रत्येकीला कळतो. अपहरणाचा प्रसंग कुणाच्याच घरी घडलेला नसतो.

लेखक, संवादलेखक, कलाकार सगळे तेच असले तरी काम करण्याची पद्धत बदललेली असते. सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांच्या भागांची ‘बँक’ तयार असते, म्हणजे चित्रित होऊन ठेवलेले भाग. आठवड्याला सहा भाग दाखवायचे आणि दिवसाला जेमतेम एक भाग चित्रित व्हायचा. सुट्टी, आजारपण, पाऊस यांत बँक आटत जाते. वर्षभरात आज चित्रित केलेलं उद्या-परवा दाखवायची पाळी येते. मग पटकथा ठरते ती उद्या कोणत्या कलाकाराची तारीख आहे यावर. शनिवार-रविवारी नाटकाचा दौरा असलेला नट मालिकेत ‘कॉन्फरन्सला’ जातो. ज्यांच्या तारखा जुळत नाहीत ती दोन पात्रं आठवडाभर फोनवरच बोलतात. फोनवरची भांडणं अचानक वाढली, की बँक संपली असं खुशाल समजा.

करोनाने तर सगळ्यांचीच बँक रिकामी केली. २०२० च्या मार्चमध्ये चित्रीकरण थांबलं ते तीन महिन्यांनी सुरू झालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात पुन्हा बंदी आली, तेव्हा कितीतरी मालिका गोवा, दमण, सिल्वासाकडे धावल्या आणि मे महिन्यात गोव्यातली परवानगीही गेली. त्या काळात कुटुंबंच्या कुटुंबं एकाएकी रिसॉर्टवर का राहायला गेली होती, ते आता लक्षात येईल.

मालिकेतल्या बायकांचं गरोदरपण संपत का नाही? आणि एक साधी डीएनए चाचणी करायला दोन वर्षं का लागतात? — वाचक, डोंबिवली

पहिला प्रश्न हसण्यावारी नेला जातो, पण त्यामागचं गणित बघण्यासारखं आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’तल्या जान्हवीच्या लांबलेल्या गरोदरपणावर २०१५ च्या सुमारास घरोघरी विनोद चालायचे.

मालिकेचा प्रत्येक भाग आदल्या भागाच्या शेवटच्या क्षणाला जोडलेला असतो. आज दार उघडताना संपलं, तर उद्या दार उघडल्यापासूनच सुरू करावं लागतं, कारण प्रेक्षक परत येतो तो त्या दारासाठी. त्यामुळे गोष्टीतला एक दिवस सहज तीन-चार भाग खातो. या वेगाने नऊ महिने दाखवायचे तर २७० दिवस गुणिले तीन, म्हणजे आठशेच्या वर भाग लागतील. आठवड्याला सहा या हिशोबाने अडीच वर्षं झाली. यातून सुटायचं तर मधले आठवडे गाळायला हवेत. पण गाळायचे कुठे? रोज रात्री काहीतरी अर्धवट सोडलेलंच असतं. त्यात सणांची भर. वटपौर्णिमा, गौरी-गणपती, दिवाळी, संक्रांत या मालिकेत खऱ्या तारखेलाच येतात, कारण त्या आठवड्यांत जाहिरातींची गर्दी असते. म्हणजे एकाच घरात दोन घड्याळं चालतात. सणांचं घड्याळ भिंतीवरच्या कालनिर्णयाप्रमाणे आणि पोटातल्या बाळाचं चॅनेलच्या सोयीप्रमाणे. डोहाळजेवणानंतर दुसरी संक्रांत आली की प्रेक्षक बोटं मोजायला लागतो.

चाचणीचं दुखणं वेगळं आहे. ‘रंग माझा वेगळा’मध्ये कार्तिक स्वतः डॉक्टर, तरी बायकोवर संशय घेऊन बसला, आणि हा माणूस चाचणी का करून घेत नाही असं प्रेक्षक महिनोन्महिने विचारत राहिले. ज्या गुंत्याची गाठ एका वाक्याने किंवा एका कागदाने सुटते, तो गुंता मुळातच कच्चा. तीन आठवडे टिकवणं ठीक आहे. त्यापुढे तो टिकवायचा तर शहाण्या माणसाला मूर्ख करावं लागतं. दार वाजतं, फोन येतो, कागद पाण्यात पडतो, सांगणारी व्यक्ती बेशुद्ध होते. एकदा हे झालं की प्रेक्षक नायकाची कीव करायचं सोडून लेखकाची करायला लागतो.

मजबूत गुंता ओळखायची खूण सोपी आहे. सत्य सगळ्यांना कळलं तरी प्रश्न उरतो का? अनिरुद्धचं प्रकरण अरुंधतीला कळलं तेव्हा गोष्ट संपली नाही, खरी सुरू झाली. म्हणून ते भाग आजही लोकांना आठवतात.

आमच्या ओळखीत ती मालिका कुणीच बघत नाही, तरी टीआरपी कसा येतो? चॅनेलला पत्र लिहून उपयोग होतो का? — वाचक, नाशिक

टीआरपी मोजते ‘बार्क’ ही संस्था, काही निवडक घरांमध्ये मीटर बसवून. देशभरात २०२० मध्ये अशी सुमारे ४४ हजार घरं होती. तुमच्या ओळखीत एकही मीटर नसण्याचीच शक्यता जास्त. आकडे दर गुरुवारी येतात आणि गुरुवारी दुपारी मालिकांच्या कचेऱ्यांमधला चहा कडू की गोड ते त्यावर ठरतं.

मुद्दा पुढे आहे. मोजलं जातं ते किती जणांनी बघितलं एवढंच नाही, किती मिनिटं बघितलं हेही. समजा १०० घरं आहेत आणि अर्ध्या तासाचा भाग. त्यातल्या २० घरांनी पूर्ण भाग बघितला तर हिशोब २० चा. ४० घरांनी दहा-दहा मिनिटं बघून चॅनेल बदललं तर हिशोब १३ च्या आसपास. म्हणजे दुप्पट घरांनी डोकावूनही आकडा कमीच. म्हणून चॅनेलला नवा उत्सुक प्रेक्षक नको असतो असं नाही, पण भाजी निवडताना टीव्ही चालू ठेवणारा जुना प्रेक्षक सोन्याचा असतो. तो शिव्या देत का होईना, तीस मिनिटं हलत नाही. त्याच्यासाठी गोष्ट सावकाश चालवावी लागते. दोन भाग चुकले तरी तिसऱ्यात काही अडू नये, इतकी सावकाश.

आणि पर्याय काय असतो? नवी मालिका आणायची तर नवा सेट, प्रोमो, होर्डिंग, आणि ती पडण्याची धास्ती. वर त्याच वेळेला लागून असलेली पुढची मालिकाही हलते, कारण साडेसातचा प्रेक्षक बसल्या जागी आठची बघतो. निम्म्यावर आलेली जुनी मालिका या हिशोबात परवडते. प्रेक्षक कंटाळला म्हणून मालिका बंद होत नाही, शेजारच्या चॅनेलने त्याच वेळेला काहीतरी चांगलं आणलं की होते.

पत्र जरूर लिहा, पण ‘बंद करा’ असं लिहू नका. त्याने काही होत नाही. अमक्या पात्राचा प्रसंग आवडला, तमक्या पात्राचं हे वागणं पटलं नाही, असं नेमकं लिहिलं तर ते वाचलं जातं. एखादं दुय्यम पात्र अचानक मोठं होतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं. सर्वांत नेमका निषेध म्हणजे रिमोट, पण तोही मीटर असलेल्या घरातला.

लीप (गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेणं), पुनर्जन्म आणि बदललेला चेहरा यांतलं सगळ्यात वाईट काय? — वाचक, अकोला

बदललेला चेहरा, म्हणजे तेच पात्र नव्या कलाकाराकडे जाणं, सगळ्यात कमी वाईट. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली खलनायिका शनाया एकदा बदलली आणि पुढे मूळची परतही आली, मालिका २०२१ पर्यंत चाललीच. खलनायिका बदलली तर प्रेक्षक दोन आठवड्यांत सरावतो, कारण तिच्याशी त्याचं नातं रागाचं असतं आणि राग कुणावरही काढता येतो. ज्या जोडीवर प्रेम जडलं, ती बदलली की मात्र गाडी अडते. ‘अग्गंबाई सासूबाई’चं २०२१ मध्ये ‘अग्गंबाई सूनबाई’ झालं. सासू आणि तिचा नवरा तेच राहिले, मुलगा-सून नवे आले. जुन्या मालिकेचा बोलबाला होता तो साठीकडे झुकलेल्या जोडीच्या लग्नामुळे. तो प्रश्न आधीच सुटलेला होता.

लीप हे औषध आहे, पण एकदाच लागू पडतं. पाच-सात वर्षांच्या लीपने लहान मुलं मोठी होतात, जुनी भांडणं शिळी होतात आणि लेखकाला श्वास मिळतो. दुसऱ्या लीपला तीच पोरं आईबापाची चूक पुन्हा करतात आणि प्रेक्षकाच्या ते ध्यानात येतं. लीपनंतर तिशीतल्या नटीच्या केसांत पांढरी बट काढून तिला विशीच्या मुलाची आई केली, तर प्रेक्षक संवाद ऐकायचे सोडून तो विग बघत बसतो.

पुनर्जन्म म्हणजे उधारी. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’मध्ये गौरी-जयदीपला मारून पंचवीस वर्षांनी त्याच चेहऱ्यांनी परत आणलं. जोडी टिकते, पण तीन वर्षं प्रेक्षकाने ज्या सुखदुःखात जीव गुंतवला ते सगळं गेल्या जन्मीचं होतं. अमेरिकेतल्या ‘डॅलस’ने याहून धाडस केलं होतं. १९८५ मध्ये मारलेला बॉबी १९८६ मध्ये न्हाणीघरात उभा दाखवला आणि मधलं अख्खं वर्ष त्याच्या पूर्वीच्या बायकोचं स्वप्न ठरवलं. मालिका १९९१ पर्यंत चालली खरी, पण आजही चेष्टा होते ती त्या न्हाणीघराची.

ॲपवर जुनी मालिका सलग बघते आहे. हजारावर भाग आहेत. किती गाळले तर चालतील? — वाचक, बंगळुरू

पुष्कळ. भाग बावीस-तेवीस मिनिटांचा असतो. त्यातलं शीर्षकगीत, कालच्या शेवटाची उजळणी आणि उद्याची झलक वजा केली की नवं काही अठरा-एकोणीस मिनिटंच. पहिले शंभर भाग मात्र पूर्ण बघा, गोष्टीचा कस तिथेच असतो. त्यानंतर दर आठवड्याचा सोमवार आणि शनिवार पुरतो. शनिवारी गाठ मारतात, सोमवारी ती अर्धी सोडवतात, मंगळवार ते शुक्रवार त्याच गाठीभोवती घरातली माणसं फेऱ्या मारतात. रविवारचा ‘महाएपिसोड’ लागला तर तो चुकवू नका. लग्न, बारसं, गुपित फुटणं हे तिथेच होतं, कारण त्या दोन तासांसाठी आकडा उचलायचा असतो.

दिवाणखान्यात सगळं कुटुंब रांगेत उभं दिसलं की दहा-दहा सेकंद पुढे सरका. आठ माणसं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर चार सेकंद, म्हणजे ३२ सेकंद. हे तीन वेळा फिरवलं, संगीताचे धडाम-धडाम जोडले, की दीड मिनिट एकही शब्द न लिहिता भरतं. एकाच प्रकाशयोजनेत हे उरकता येत असल्यामुळे बँक आटलेल्या दिवसांत असे प्रसंग वाढतात.

मालिकेसाठी कथा लिहून पाठवायची आहे. तीन वर्षं पुरेल अशी गोष्ट आखायची कशी? — वाचक, पुणे

आधी गोष्टीचं माप घ्या. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला ३१२. बावीस मिनिटांनी गुणलं की ११४ तास, म्हणजे अडीच तासांचे ४५ सिनेमे, दर वर्षी. त्यामुळे ‘माझ्याकडे एक भन्नाट कल्पना आहे’ हे इथे फारसं कामाचं नाही. पुरून उरेल असं माणसांचं वैर किंवा माया हवी.

मुख्य प्रश्न एका वाक्यात लिहा आणि घरातल्या कुणालाही विचारा, हे एका संभाषणात मिटेल का? मिटत असेल तर तो कागद फाडा. मग शेवट लिहा, अगदी शेवटचा प्रसंग. तो पुढे बदलेल, पण हाताशी शेवट नसला की दोनशेव्या भागाला तुम्ही अपहरणाकडेच वळाल. त्यानंतर दर तीन आठवड्यांना, म्हणजे अठरा भागांना, एक खरं वळण अशी मांडणी करा. वर्षाला साधारण सतरा वळणं होतात. खरं वळण म्हणजे ज्यानंतर पात्रांना मागे जाता येत नाही. गैरसमज हे वळण नव्हे, कारण तो मिटला की सगळे होते तिथेच. नवशिके लेखक सतरापैकी बारा वळणं पहिल्या साठ भागांत उधळतात, चॅनेललाही सुरुवातीला तेच हवं असतं, आणि मग उरतो तो पाणी घातलेला सार.

एक तक्ता मात्र कराच : आडव्या ओळीत पात्रं, उभ्या ओळीत गुपितं. कुणाला काय ठाऊक आहे आणि ज्याला ठाऊक आहे तो गप्प का, हे प्रत्येक चौकोनात लिहा. ‘गप्प का’ याला उत्तर सापडलं नाही की तो चौकोन तुम्हाला दीडशेव्या भागात दगा देणार. कथा, पटकथा आणि संवाद बहुतेकदा तीन वेगळी माणसं लिहितात. हा तक्ता नसेल तर जे सासूला मागच्या महिन्यात कळलं होतं, त्यावर ती या महिन्यात पुन्हा चकित होते.

नायिकेला घराबाहेरची एक जागा पहिल्या दिवसापासून द्या. दुकान, शाळा, गिरणी, दवाखाना काहीही, पण तिचा सेट उभा राहील असं. घर सोडायची वेळ आली तर तिला जायला ठिकाण हवं. आणि दोन उपकथानकं अशी ठेवा की त्यांत नायिका नसली तरी चालेल. तिला ताप आला म्हणून महाराष्ट्र उपाशी राहता कामा नये.

तीन वर्षांचाच हट्टही नको. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि नोव्हेंबरात संपलीसुद्धा. लोक ‘का संपवली’ म्हणून हळहळले. उलट ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांवर भाग चालली. पण तिचा कणा होता सासूचा दरारा. दरारा हा सुटणारा प्रश्न नव्हे, तो स्वभाव आहे. एवढी लांब धाव घ्यायची तर कथेला असा स्वभावाचाच आधार लागतो.

मालिका संपणार हे आधी ओळखता येतं का? — वाचक, चिपळूण

येतं. वेळ बदलते. ‘आई कुठे काय करते’ २०२४ मध्ये संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली, तेव्हाच दिवस मोजायला घ्यायचे होते. मग दूरची पात्रं एकेक करून परगावी जातात आणि बाहेरचं चित्रीकरण थांबतं. वर्षानुवर्षं न पिघळलेली खलनायिका एका मंगळवारी देवघरासमोर रडते. परदेशी गेलेला धाकटा मुलगा बॅग घेऊन दारात उभा राहतो. शेवटच्या शनिवारी सगळे एकत्र फोटोला उभे राहतात, जुन्या भागांची चित्रं सरकतात आणि शीर्षकगीत पूर्ण वाजतं. सोमवारी त्याच वेळेला नवी सून माप ओलांडते. दिवाणखाना नीट बघा, जिना बहुधा ओळखीचा निघेल.